नदी हलते तोवर गवत

काठगोदामचा डोंगर मागे टाकून हल्द्वानीच्या सपाटीवर उतरलं की गौला नदीचं पात्र दिसतं. अफाट रुंद, पांढऱ्या गोट्यांनी भरलेलं. हिवाळ्यात त्यातलं पाणी एका कडेने, अंग चोरून वाहतं. आजूबाजूच्या लहान ओढ्यांत तेवढंही नसतं. पावसाळ्यात डोंगर फोडून येणारं एवढं पाणी जातं कुठे? भूगोलाच्या पुस्तकात याचं उत्तर दोन ओळींत उरकलेलं असतं. पण हिमालयाच्या पायथ्याची सगळी सपाटी, तिच्यावर हत्ती बुडेल इतकं वाढणारं गवत, त्या गवतातले गेंडे आणि बारशिंगे, हे सगळं त्या कोरड्या गोट्यांपासूनच सुरू होतं.

डोंगरात नदीला उतार असतो, म्हणून जोर असतो. त्या जोरावर ती माणसाएवढे दगडही गडगडवत आणते. पायथ्याशी उतार एकदम मोडतो. जोर संपला की ओझं टाकावं लागतं, आणि आधी टाकलं जातं ते सर्वात जड: दगड, गोटे, जाड रेती. लाखो वर्षं असं टाकत राहिल्यावर डोंगराच्या कडेकडेने गोट्यांचा एक पट्टा तयार झाला. साधारण ८ ते १६ किलोमीटर रुंद. त्याला भाबर म्हणतात, नेपाळीत भावर. हा पट्टा चाळणीसारखा आहे. पाणी वरून येतं आणि खाली मुरतं; विहीर खणायची तर खूप खोल जावं लागतं. म्हणून भाबरात साल आणि खैराची जंगलं टिकली, शेती उशिरा आली.

भाबर संपतो तिथे नदीकडे बारीक माल उरलेला असतो: वाळू, गाळ, चिकणमाती. मुरलेलं पाणी गोट्यांतून खालून वाहत येतं आणि चिकणमातीला अडतं. पुढे वाट नाही, म्हणून वर येतं. झरे फुटतात, जमीन पाझरते, डबकी आणि दलदल होते. ही तराई. हिंदीत ‘तर’ म्हणजे ओलं, तेच या नावात आहे. एकच पाणी, पण एका पट्ट्यात ते पायाखाली पळतं आणि पुढच्या पट्ट्यात घोट्यापर्यंत येतं. रुद्रपूर, काशीपूर, बाजपूरच्या बाजूला बोअर घेतली की पंपाशिवाय पाणी उसळून वर यायचं, त्याचं कारणही हेच. चिकणमातीच्या थराखाली कोंडलेल्या पाण्यावर वरच्या भाबरातल्या पाण्याचा दाब असतो; थराला भोक पडलं की ते वाट काढतं. भर उन्हाळ्यात घेतल्या जाणाऱ्या ‘साठा’ भातासाठी हे पाणी बेसुमार उपसलं जातं, आणि हा दाब उपशावर चालत नाही, मुरण्यावर चालतो. वर भाबरातल्या नद्यांतून गिट्टी आणि रेती ट्रकांनी जाते, म्हणजे चाळणीच उचलून नेली जाते. नेपाळमध्ये शिवालिकच्या रांगेला चुरे म्हणतात. तिथेही हेच घडतंय. २०१०मध्ये राष्ट्रपतींच्या नावाने चुरे संरक्षणाचा कार्यक्रम सुरू करावा लागला, कारण डोंगर पोखरला की खालच्या मधेशातले, म्हणजे नेपाळी तराईतले, हातपंप कोरडे पडतात. हे गावकऱ्यांना कळायला भूगर्भशास्त्र शिकावं लागत नाही.

हा ओला पट्टा यमुनेपासून सुरू होतो. उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहारचा उत्तर काठ आणि नेपाळची सगळी दक्षिण बाजू घेत तो पूर्वेला बंगाल आणि आसामकडे जातो. तिथे त्याचं नाव बदलतं. भूतानच्या डोंगरांतून सपाटीवर उतरणाऱ्या वाटांना द्वार म्हणत. अशी अठरा द्वारं होती, त्यावरून सगळा पट्टाच दुआर झाला. १८६४-६५च्या युद्धानंतर इंग्रजांनी ही द्वारं भूतानकडून घेतली आणि तिथे चहा लावला. नेपाळच्या भूभागात तराईचा वाटा लहान, पण २०२१च्या जनगणनेत देशाची निम्म्याहून जास्त, ५३ टक्क्यांवर माणसं तिथे मोजली गेली. शंभर वर्षांपूर्वी हे कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

खरं वाटलं नसतं, कारण तराई म्हणजे ताप. नेपाळीत त्याला औलो म्हणतात, हिंदीत अवल. डोंगरातली माणसं हिवाळ्यात खाली उतरत, गुरं चारत, व्यापार करत आणि उन्हाळा लागायच्या आत वर परतत. पावसाळ्यात तराईत राहायचं म्हणजे मरायचं. राहत होते ते थारू. पिढ्यान् पिढ्या मलेरियात काढलेल्या या समाजात अल्फा-थॅलेसेमिया हा रक्तातला बदल फार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि त्यामुळे त्यांना मलेरिया कमी होतो, असं अभ्यासात दिसून आलं आहे. बाकीच्यांना ते संरक्षण नव्हतं. १८५८च्या अखेरीस अवधमधून रेटले गेलेले नानासाहेब पेशवे, त्यांचे भाऊ बाळाराव, बेगम हजरत महल आणि त्यांच्याबरोबरची माणसं राप्ती ओलांडून याच तराईत शिरली. मागे इंग्रज फौज, पुढे डोंगर, मध्ये गवत आणि डास. १८५९च्या पावसाळ्यानंतर नानासाहेब तापाने गेल्याची बातमी नेपाळकडून इंग्रजांना मिळाली. इंग्रजांचा तिच्यावर पुरता विश्वास बसला नाही, आणि पुढे कित्येक वर्षं ठिकठिकाणी ‘नानासाहेब’ पकडले जात राहिले. शनिवारवाड्याच्या गोष्टीचं शेवटचं पान असं तराईच्या दलदलीत जाऊन हरवतं. आपल्या इतिहासात मात्र ही जागा फक्त ‘नेपाळच्या जंगलात’ एवढ्या दोन शब्दांत येते. ते जंगल कसलं होतं, हे कुणी सांगत नाही.

१८५७-५८चा उठाव मोडायला नेपाळने केलेल्या मदतीची परतफेड म्हणून इंग्रजांनी १८६०मध्ये नेपाळला तराईचा पश्चिम तुकडा परत दिला. १८१६च्या सुगौली तहात तो नेपाळकडून काढून घेतला होता. बाँके, बर्दिया, कैलाली, कंचनपूर. नेपाळमध्ये त्याला ‘नया मुलुक’ म्हणतात. आज ज्या बर्दिया आणि शुक्लाफाँटाच्या गवताळ रानांसाठी नेपाळचं नाव घेतलं जातं, ती दोन्ही या नव्या मुलखात आहेत. सीमा म्हणून शेतांतून खांब रोवले गेले, दोन्ही बाजूंना दहा-दहा यार्डांची मोकळी पट्टी सोडली गेली. तिचं नावही तेच, दसगजा. काही ठिकाणी खांबाऐवजी नदीलाच सीमा मानलं. तिथे गोंधळ झाला, कारण या नद्या एका जागी राहत नाहीत. वाल्मीकीनगरजवळचं सुस्ता हे गाव एकेकाळी नारायणीच्या (आपल्याकडे गंडक) पश्चिम काठाला होतं. नदी सरकत सरकत गावाच्या पलीकडे गेली, गाव पूर्व काठाला आलं, आणि सीमा तहातल्या जुन्या नदीने धरायची की आजच्या, हा वाद अजून मिटलेला नाही.

नदीचं हे सरकणं दोन्ही देशांच्या नकाशा काढणाऱ्यांना खोड वाटतं. गवताचं सगळं आयुष्य मात्र त्या खोडीवर चाललेलं आहे. या लेखात एकच गोष्ट नीट सांगायची असेल तर ती ही, म्हणून जरा थांबून सांगतो.

ऑक्टोबरात पूर ओसरतो. राप्ती, कर्णाली, शारदा, कुठलीही घ्या. पात्रात नवी वाळूची बेटं उघडी पडलेली असतात. त्यांच्यावर काही नसतं. दुपारी ती वाळू पाय भाजवते, पहाटे दवाने ओली असते, अन्नद्रव्यं जवळजवळ नाहीत. अशा जागी पहिला येतो तो कास. याच दिवसांत काठावरच्या जुन्या कासाला तुरे आलेले असतात. पांढरे, रेशमासारखे, नवरात्रात वाऱ्यावर डोलणारे. त्या तुऱ्यातलं बी कापसाच्या धाग्याला लटकून वाळूवर जाऊन पडतं. पण कासाची खरी ताकद जमिनीखाली आहे. आल्यासारखं आडवं पसरणारं खोड, त्याला पेरापेराला डोळे. शेतातला कुंदा किंवा लव्हाळा उपटून दमलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पुढच्या पुरात त्याच्यावर वीतभर वाळू चढली तर तो मरत नाही. पुरलेल्या पेरांतून वर नवे कोंब काढतो आणि तीच वाळू धरून ठेवतो. त्याच्या बुडख्याशी गाळ अडतो. दोन-चार पावसाळ्यांत बेट उंच होतं, त्यावर बारीक मातीचा थर बसतो.

मग दुसरे येतात. बेटावर शिसू आणि खैराची रोपं दिसू लागतात. त्यांचंही बी पाण्याने आणि वाऱ्याने आलेलं असतं. बेट तसंच राहिलं तर वीस-तीस वर्षांत तिथे शिसू-खैराचं बन होतं, त्यानंतर सावर, भेल्लर आणि मिश्र जंगल, आणि फार काळ गेला, जमीन उंच आणि कोरडी झाली, तर शेवटी साल. म्हणजे सोडून दिलं तर गवत जंगलाकडेच चाललेलं असतं. पण नदी सोडून देत नाही. एखाद्या मोठ्या पावसाळ्यात ती बेटासकट बन उचलून नेते आणि खाली दुसरीकडे कोरी वाळू टाकते. तिथे पुन्हा पहिल्यापासून, कासापासून. तराईत कुठल्याही वर्षी पाहिलं तर या वाटेवरचे सगळे टप्पे शेजारीशेजारी सापडतात: एका बाजूला कोरं बेट, त्याच्याजवळ कास, पुढे शिसू, मागे साल. म्हणूनच इथे एवढ्या तऱ्हेचे प्राणी एका जागी राहू शकले.

गवतही एक नाही. पाण्याच्या कडेला नळ आणि पाणकणीस. त्यामागे नार्कट, मुंज आणि कासाचे भाईबंद, पाच-सहा मीटर उंच, पात्यांच्या कडा करवतीसारख्या. त्यात उघड्या हाताने शिरलं तर हातावर बारीक लाल रेघा उठतात, कारण त्या पात्यांत वाळूचाच अंश, सिलिका, भरलेला असतो. जरा उंच आणि कोरड्या जागी सिरू, कमरेएवढं, मऊ, छप्पर शाकारायला उत्तम. अशा मोकळ्या गवताळ पसाऱ्याला नेपाळी पश्चिमेत फाँटा म्हणतात. शुक्लाफाँटा हे नाव त्यावरून आलं. तिथला बारशिंग्यांचा कळप नेपाळमधला सर्वात मोठा आहे.

या गवतात राहणाऱ्यांनी आपलं शरीरही गवताला साजेसं करून घेतलं आहे. पाढा हे छोटं हरीण चितळासारखं उड्या मारत पळत नाही. डुकरासारखी मान खाली घालून गवताच्या बुडातून सरळ घुसतं. खरखरीत केसांचा एक ससा इथे आहे, त्याचे कान आखूड, कारण उंच गवतात लांब कानांचा उपयोग नाही. तो बीळ खणत नाही, दाट गवतातच लपतो. तो डोळ्याला जवळजवळ कधीच पडत नाही. शोधणारे जमिनीवर वाकून त्याच्या लेंड्या आणि कुरतडलेली ताटं शोधतात. ताटाची बाहेरची साल सोलून तो आतला गर खातो, ती सोललेली सालपटं हीच त्याची खूण. नेपाळमधल्या चितवनच्या रानात १९८४नंतर तो थेट २०१६मध्ये दिसला. पूर्वेला, भूतानला लागून असलेल्या आसामातल्या मानसच्या गवतात जगातलं सर्वात लहान रानडुक्कर आहे. उंची वीतभराहून थोडी जास्त, साधारण २५ सेंटिमीटर. खड्डा करून त्यात गवताचं घरटं घालून ते झोपतं. हा प्राणी संपला असं धरून चालले होते; १९७१मध्ये तो आसामात पुन्हा सापडला. आणि या गवतात बंगाल फ्लोरिकन आहे, आपल्या अकोल्याकडच्या तणमोराचा मोठा भाऊबंद. नर मार्च ते मे या काळात गवतावरून उंच उडी घेऊन मादीला बोलावतो, मादी जमिनीवरच अंडी घालते. हा मार्च-मेचा काळ ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

गेंड्याची गोष्ट वेगळीच आहे. तो गवत खाऊन वाढतो, पण जंगलही पेरतो. भेल्लरची टणक हिरवी फळं पावसाळ्यात गळून पडतात आणि गेंडा ती आवडीने खातो. बिया पोटातून तशाच बाहेर येतात. गेंड्याला ठरावीक जागी शेण टाकायची सवय आहे, आणि यातल्या कित्येक जागा मोकळ्या गवतात असतात. सावलीत भेल्लरचं रोप वाढत नाही, त्याला ऊन लागतं. शेणाच्या ढिगावर खत आणि ऊन दोन्ही मिळतं. त्या ढिगांतून भेल्लरची झाडं उठतात आणि गवताच्या मधोमध झाडीचे ठिपके पडतात. म्हणजे गेंडा वाचवला की गवत आपोआप वाचतं, हा हिशोब बरोबर नाही. नदी आणि आग नसेल तर गेंडाच आपल्या पायाखालचं गवत हळूहळू जंगलाला देतो.

आगीबद्दल आपल्याकडे एक भीती आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. सह्याद्रीत वणव्याने काय होतं ते आपण दरवर्षी पाहतो. तराईतलं गवत मात्र शेकडो वर्षं माणसाने कापलेलं आणि जाळलेलं आहे. चितवन १९७३मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि आत जाणं बंद झालं, तेव्हा आजूबाजूच्या थारू, बोटे, माझी या समाजांची घरं शाकारायची कशाने, हा प्रश्न उभा राहिला. १९७६पासून वर्षातून काही दिवस गवत कापायला परवानगी दिली गेली. सुरुवातीला हे दिवस वीस होते, पुढे कमी कमी होत गेले. हे ‘खर-खडई’ म्हणून ओळखलं जातं. खर म्हणजे छपराचं सिरू, खडई म्हणजे भिंतीसाठी उंच गवताची ताटं. ही ताटं उभी विणून वरून शेण-मातीने लिंपतात. कोकणातला कुडाचा माणूस ते पाहून लगेच ओळखेल. काम जानेवारीत होतं, कारण तेव्हा गवत पूर्ण वाळलेलं, बी झडलेलं आणि ताटं कडक झालेली असतात. आधी कापलं तर ओलं गवत छपरावर कुजतं. उशीर केला तर खाली नवे कोंब येऊन पेंढीत ओल येते. विळ्याने कापायचं, पेंढ्या बांधायच्या, भारे डोक्यावर, बैलगाडीत किंवा नावेत घालून न्यायचे. मागे उरलेलं बूड आणि कचरा जाळून टाकायचा. दोन-तीन आठवड्यांत त्या काळ्या जमिनीतून हिरवे कोंब येतात. हे कोंबच चितळ, बारशिंगा आणि गेंड्याला हवे असतात. जून झालेलं गवत पोटात जातं पण अंगी लागत नाही.

मग अडतं कुठे? वेळेत आणि सारखेपणात. गवत एकाच दिवशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जळालं तर तो ससा आणि ते रानडुक्कर जाणार कुठे? त्यांना त्याच कोरड्या महिन्यांत उंच, न जळलेलं गवत लागतं. आणि आग एप्रिलात लागली तर फ्लोरिकनची अंडी आणि पिलं जमिनीवर असतात. म्हणून जाळायचं ते डिसेंबर ते फेब्रुवारीत, तेही तुकड्यातुकड्याने. आधी जाळरेषा. रस्ता, ओढ्याचं पात्र किंवा गवत कापून मोकळी केलेली पट्टी, काहीही चालतं, पण ती दोन्ही टोकांना पाण्याला किंवा मोकळ्या जमिनीला जाऊन मिळाली पाहिजे. मध्येच संपणारी जाळरेषा फसवते. पहिली काडी वारा जिकडे जातो त्या बाजूच्या कडेला लावायची. ही आग वाऱ्याविरुद्ध, सावकाश, मागे सरकत येते आणि काळी पट्टी रुंद करते. ती पुरेशी झाली की मगच दुसऱ्या बाजूने, वाऱ्याबरोबर. हिवाळ्यात सकाळी दव असतं, त्यामुळे दव सुकल्यावर पेटवायचं. पण ओल्या खोलगट जागा न जळता राहिल्या तर राहू द्यायच्या, सशाला नेमक्या त्याच लागतात. एक तुकडा दरवर्षी जाळायचा नाही. दरवर्षी जाळत राहिलं की सिरूसारखं गवत माजतं, कारण त्याचं खोड जमिनीत खोल असतं आणि आगीत त्याचं काही बिघडत नाही, तर उंच गवतं हटत जातात. आणि अजिबात जाळलं-कापलं नाही तर सावर, शिसू, भेल्लर आत घुसतात. ती झाडं नुसती तोडून भागत नाही. बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात. लहान असतानाच मुळासकट उपटावी लागतात. ट्रॅक्टरने सगळं नांगरून काढणं सोपं वाटतं, पण त्याने उंच गवताची खोडंही कापली जातात, जमीन उघडी पडते, आणि त्या उघड्या जमिनीची वाट पाहणारे दुसरे असतात.

ते दुसरे आपल्या ओळखीचे आहेत. नेपाळीत बनमारा म्हणतात ती आपली रानमोडी. घाणेरीही तिथे आहे. चितवनमध्ये त्यात मिकानियाची भर आहे. तिला लहरे बनमारा म्हणतात. ही वेल पावसाळ्यात भराभर चढते आणि गवतावर, झुडपांवर गोधडीसारखी पसरते, खालच्याला ऊनच मिळू देत नाही. ती तोडून तिथेच टाकली तर पेरापेरातून मुळं फुटून एकाच्या दहा होतात. कापली की बाहेर नेऊन वाळवावी लागते. फुलं येण्याआधी, म्हणजे पावसाळा संपता संपता.

हे सगळं गवत जितकं नदीने आणि आगीने टिकवलं, तितकंच डासाने. १९११च्या डिसेंबरात पाचवा जॉर्ज नेपाळच्या तराईत शिकारीला आला. थोड्या दिवसांत ३९ वाघ आणि १८ गेंडे पडले. एवढं मारूनही रान उरत होतं, कारण तिथे थारूंखेरीज फारसं कुणी राहत नव्हतं. १९५०च्या दशकात चितवनच्या राप्ती खोऱ्यात डीडीटी फवारली गेली, १९५८पासून देशभर मलेरिया निर्मूलनाचं काम सुरू झालं, आणि डोंगरातली माणसं खाली उतरली. ती उतरली याचा राग धरता येणार नाही; त्यांना जमीन हवी होती, ती मिळाली. पण साठीच्या दशकाच्या मध्याला चितवनचे गेंडे शंभराच्या आसपास उरले. थारूंची जमीन कागदावर त्यांच्या नावाने नव्हती. शिकलेल्या, कागद जाणणाऱ्या नव्या माणसांच्या नावे ती चढत गेली, आणि पश्चिमेतल्या हजारो थारू घरांवर आपल्याच जमिनीवर कर्जापोटी वेठ धरायची पाळी आली. त्या कमैया पद्धतीतून सरकारी घोषणेने सुटका व्हायला जुलै २००० उजाडलं. तापाला न भिणारे लोक कागदाला हरले, हे मला या सगळ्या भूगोलातलं सर्वात कडू वाटतं. इकडे भारतात फाळणीनंतर नैनितालच्या तराईत पंजाबातल्या निर्वासितांना जमिनी दिल्या गेल्या, १९६०मध्ये पंतनगरचं कृषी विद्यापीठ उभं राहिलं, आणि ते गवत गहू, भात आणि उसाचं झालं. आज पिलीभीत आणि खेरीच्या बाजूला वाघ उसात सापडतो, तिथेच पिलं घालतो. त्याच्या दृष्टीने ऊस म्हणजे गवतच: उंच, दाट, जवळ पाणी आणि आत डुक्कर. हिवाळ्यात तोडणी सुरू झाली की तोडणीवाल्याच्या विळ्यासमोर वाघीण उभी राहते, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

जे शेत झालं नाही, त्यातल्या बऱ्याच गवतावर झाडं लावली गेली. साग, निलगिरी. गवत म्हणजे मोकळी पडलेली, वाया गेलेली जमीन, ही समजूत सरकारी कागदांत पक्की बसली होती. आपल्या सोलापूर-नगरच्या माळरानांना ‘पडीक’ म्हणून त्यांच्यावर खड्डे खणणारी नजर तीच.

२००१पासून यमुना ते बागमतीपर्यंतचा हा पट्टा एक मानून संवर्धनाचं काम सुरू झालं, सुमारे ५० हजार चौरस किलोमीटरचं. त्यातला मला सर्वात विश्वासाचा वाटतो तो खाता नावाचा चिंचोळा तुकडा, नेपाळच्या बर्दियाला भारताच्या कतर्नियाघाटशी जोडणारा. मधली जमीन गावांची होती, उजाड झालेली. गावकऱ्यांनी सामुदायिक वनं उभी करून ती भरून काढली. वाघ, हत्ती आणि गेंडे तिथून दसगजा ओलांडून जातात-येतात. नेपाळमधले वाघ २००९च्या १२१वरून २०२२मध्ये ३५५ झाले, त्यातले १२५ बर्दियात. या वाढीत त्या गावांचा हात आहे, आणि वाघाने मारलेल्या माणसांचं दुःखही त्याच गावांत आहे. भारतात गेलेला गेंडा परत येतो का, यावर लक्ष ठेवणारे दोन देशांचे वनरक्षक एकमेकांना फोन करतात. या कामाला लागतं ते एवढंच, पण ते रोज लागतं.

बर्दियाच्याच वर चिसापानीला कर्णाली डोंगरातून बाहेर पडते आणि तिच्या दोन शाखा होतात. पूर्वेची गेरुवा बर्दियाच्या कडेने जाते. पश्चिमेची कौडियाला, आणि दोघींच्या मध्ये राजापूरचं शेतीचं बेट, थारूंनी पिढ्यान् पिढ्या राखलेल्या कालव्यांवर पिकणारं. उद्यानाची हद्द आखली तेव्हा मोठं पाणी गेरुवेत होतं. २००९च्या पुरानंतर ते पश्चिमेला, कौडियालात गेलं. गेरुवेच्या काठची जुनी बेटं आता पूर्वीसारखी धुतली जात नाहीत. त्यांच्यावर गवताच्या डोक्यावरून शिसू वाढतो आहे. नवी वाळू आता पलीकडे पडते, उद्यानाच्या बाहेर, शेतांना लागून. ऑक्टोबरात पाणी ओसरलं की कासाचं बी तिच्यावर जाऊन बसतं.